सापळा हलका कर

मंदाचा फोन आला तेव्हा मी नई सडकेवर चष्म्याच्या दुकानात बसले होते. चष्मा दुकानदाराच्या हातात होता, त्यामुळे फोन कुणाचा आहे हेही मला दिसेना. कानाला लावला तर मंदा, माझ्या मैत्रिणीची, विजूची धाकटी बहीण. “नलूताई, ताई गेली गं...” एवढंच म्हणाली. समोर रस्ता होता, स्कूटर होत्या, दुकानांच्या पाट्या होत्या, पण सगळं धुरकट, आणि ते चष्मा नसल्यामुळे की आणखी कशामुळे हे कळायला मला थोडा वेळ लागला. दुकानदारानं चष्मा आणून माझ्या नाकावर बसवला आणि म्हणाला, “बहनजी, बैठी रहिए थोड़ी देर.” भला माणूस. पण सगळं स्पष्ट दिसायला लागल्यावर मात्र मला तिथे बसवेना.

त्याला आता काही आठवडे झाले. ‘विजया करकरे यांच्यावर चार शब्द लिहा’ असा निरोप या पुरवणीकडून आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग कोऱ्या कागदासमोर बसून स्वतःवरच चिडले. ‘विद्यार्थिनींच्या लाडक्या’, ‘ज्ञानदानाचा वसा’ असलं काही मी लिहिलं तर ती जिथे असेल तिथून खडू फेकून मारील. ती लाडकी वगैरे मुळीच नव्हती. मुली तिला वचकून असत. मीही असे, आणि मी तर तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दौलतगंजात आमची घरं एकाच गल्लीत, शिकलो एका शाळेत, पुढे नोकरीही एकाच शाळेत केली. ती फिजिक्स शिकवायची, मी हिंदी आणि संस्कृत. तिच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नसे, आणि ते मी कधी लपवलंही नाही.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीबद्दल इथे दोन वाक्यं लिहायला हवीत. पुण्याचे पाहुणे ती ऐकून गालातल्या गालात हसतात. आम्ही ‘खूप चेष्टा केली’ म्हणतो तेव्हा आम्हाला खूप प्रयत्न केला असं म्हणायचं असतं, आणि त्यांना वाटतं कुणाची तरी टिंगल केली. आमच्या पिढीचं निदान एवढ्यावर भागायचं. आता शाळेतल्या मराठी मुली वाक्य मराठीत सुरू करतात आणि मध्यावर कधी हिंदीत घसरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. विजूची मराठी मात्र आजोबांच्या तोंडून आलेली, जुन्या वळणाची, आणि मराठी मुलींशी ती हट्टानं तीच बोलायची. हे सगळं सांगायचं कारण असं की या वर्षी जे घडलं, ते या भाषेच्या घसरगुंडीवरच घडलं.

उंदराच्या चापावर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा हे विजूचं जुनं वेड. शहरातल्या शाळांची ही स्पर्धा दरवर्षी होते. लाकडी पट्टीवर स्प्रिंग आणि तार बसवलेला साधा चाप, ज्याला आम्ही सगळे सरसकट चूहेदानी म्हणतो, तेवढ्याच्याच जोरावर गाडी चालवायची. ना सेल, ना मोटर, ना ढकलणं. जिची गाडी सर्वांत लांब जाईल ती जिंकली. पहिल्यांदा जेव्हा विजूनं मला ते दाखवायला प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं, तेव्हा आधी तिनं एक मोकळा चाप ओढून ठेवला आणि त्यावर खडू टाकला. खट्ट! खडूचा भुगा झाला आणि मी दचकून मागे सरले. “बघितलंस ना? आता हीच ताकद बघ,” असं म्हणून तिनं एका मुलीला खूण केली. त्या मुलीची गाडी म्हणजे काय, तर जुन्या सीडींची चाकं, हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर तसाच एक चाप. चापाच्या तारेला छत्रीची लांब काडी बांधलेली आणि काडीच्या टोकापासून निघालेला दोरा मागच्या आसाला गुंडाळलेला. मी कानांवर हात ठेवून उभी राहिले.

खट्ट झालंच नाही. काडी अगदी सावकाश वर उठली, उभी झाली, पुढे झुकत राहिली. दोरा आसावरून सुटत गेला आणि गाडी निघाली. व्हरांडा ओलांडून, पाण्याच्या टाकीपुढून, पार शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत ती गेली, आवाज जवळजवळ नाहीच. दोरा संपल्यावरही ती चालत राहिली होती. माझ्या अंगावर काटा आला. खडूचा भुगा करणारी ती ताकद एवढी शांतपणे, एवढं लांब चालू शकते, यावर माझा डोळ्यांनी बघूनही विश्वास बसेना. “जोर तेवढाच आहे गं, नले,” विजू म्हणाली, “फक्त त्याची घाई काढून घेतली.” मी आयुष्यभर सुभाषितं शिकवली, पण असं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. तिला ते सहज सुचलं आणि ती लगेच त्या मुलीला विचारायला वळली की गाडी शेवटी डावीकडे का गेली.

‘का?’ हाच तिचा आवडता शब्द. उत्तर ती सांगत नसे. मुलगी म्हणाली ‘मैम, गाडी अटकते’, की ही विचारणार, ‘का अडकते?’ मग ती मुलगी चुकीचं चाक बदलो, चुकीच्या जागी तेल घालो, ही खुर्चीवर बसून नुसती बघत राहणार. एकदा न राहवून मी म्हटलं, “अगं सांगून टाक ना, रडकुंडीला आलीय ती!” तर माझ्यावरच उखडली. “मी सांगितलं की ती माझी गाडी होईल. मला काय करायचीय गाडी?” गाडी मुलीचीच राहिली पाहिजे याबद्दल ती इतकी कडक होती की जिंकलेल्या मुलींच्या फोटोतही ती कधी उभी राहिली नाही.

आणि या वर्षी नेमकी तीच अंथरुणाला खिळली. औषधं इतकी जहाल की डॉक्टरांनी माणसांना भेटायची मनाई केली. मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं की तिला मळमळायचं, त्यामुळे चेहरा दिसेल असा फोनही नको. उरला नुसता आवाज. या वर्षीची मुलगी होती रेवा, दहावीतली, आमच्या दौलतगंजातलीच. हात विलक्षण हुशार, तोंडातून शब्द निघायची मारामार. विजूला प्रयोगशाळेत येता येईना आणि स्पर्धा तर तोंडावर आलेली, म्हणून नाइलाजानं ती फोनवरून सांगत गेली. चाकं अशी लाव, आस इथे घास, काडी एवढी ठेव. रेवा सांगितलं तसं, तंतोतंत करत गेली. गाडी सुंदर धावू लागली. मी रोज शाळा सुटल्यावर विजूला फोन करून तिचं कौतुक सांगायची, पण पलीकडून हवा तसा आनंद काही ऐकू येईना.

“नले, हे बरोबर नाही होत आहे,” एक दिवस ती म्हणाली. “मी सांगते, ती करते. एकदाही उलट विचारत नाही ती मला. इतक्या वर्षांत मी एक गाडी केली नाही, आणि आता बघ, पडल्या पडल्या करून बसले.”

“मग काय झालं? आजारी आहेस तू.”

“म्हणूनच तर! मी नसल्यावर ही पोर कुणाला फोन लावणार आहे?”

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस. ती म्हणाली, “बरं, नाही बोलत. पण तिनं एकदा तरी मला नाही म्हणायला हवं गं...” आपल्या दुखण्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे. तिला घोर लागला होता तो फक्त या एका गोष्टीचा.

स्पर्धेच्या सकाळी मी रेवाला घेऊन गेले. एका मोठ्या शाळेच्या सभागृहात आधी सगळ्या गाड्यांची तपासणी होती. तपासणीस मास्तरांनी रेवाची गाडी उचलली, उलटी केली आणि मान हलवली. “मैडम, चूहेदानी में छेद किए हैं आपने. नियम है कि जैसी बाज़ार से आए, वैसी ही लगेगी.” मी वाकून बघितलं. खरंच की! चापाच्या लाकडी पट्टीला ओळीनं नीटनेटकी भोकं पाडलेली. मास्तर सज्जन होते. म्हणाले, दुपारच्या फेरीपर्यंत दुसरी लावून आणा, नाहीतर गाडी बाद. रेवाचा चेहरा पांढराफटक पडला. “पण मैमनेच कहा था,” ती म्हणाली. “आवाज आहे माझ्याकडे.” आणि तिनं मोबाइलवर साठवलेला विजूचा निरोप लावला. विजूचा तो थकलेला, तरीही खणखणीत आवाज: “रेवा, सापळा अजून जड आहे. भोकं पाड आणि हलका कर.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सापळा! विजूला म्हणायचं होतं गाडीचा सापळा, म्हणजे सांगाडा, हाडांचा असतो तसा. चापाला ती आयुष्यात कधी सापळा म्हणाली नाही, आमच्यासारखी चूहेदानीच म्हणायची. रेवाला हा शब्दच माहीत नव्हता. तिनं घरी आजीला विचारलं, आणि आजीनं अगदी बरोबर सांगितलं की सापळा म्हणजे चूहेदानी! दोघीही बरोबर, आणि भोकं मात्र नको तिथे. मी रेवाला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, “मतलब ढांचा? तो मैम ढांचा क्यों नहीं बोलीं?”

“तुला करताना शंका नाही आली?” मी विचारलं.

“आली होती. वाटलं, लकडी चिर जाएगी. पण मैम बोलल्या होत्या ना.”

मी विजूला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकून झाल्यावर पुन्हा हसली. “अगं, बायोलॉजीच्या खोलीत लटकतो तोही सापळा, उंदीर पकडतो तोही सापळा, आणि इथे पलंगावर पडलाय तोही. हा तर भोकं न पाडताच हलका झालाय बघ!” मला काही हसू येईना. मग तिनंही हसणं थांबवून विचारलं, “तिला शंका आली होती का गं?” मी खरं ते सांगितलं. “म्हणजे तिला कळलं होतं,” विजू अगदी हळू म्हणाली. “कळलं होतं आणि माझ्या शब्दाखातर तिनं ते गिळून टाकलं.” गाडी बाद होईल याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे मात्र तिला लागलं.

आम्ही ऑटो करून टोपी बाजारात गेलो. चाप मिळणंही सोपं नव्हतं. जिथे तिथे जाळीचे पिंजरे. एका दुकानदारानं तर आग्रहच धरला, “बहनजी, पिंजरा ले जाइए, इसमें जीवहत्या नहीं होती.” मी म्हटलं, “भैया, हमें चूहा पकड़ना ही नहीं है.” “फिर चूहेदानी किसलिए?” “गाड़ी चलानी है.” त्यानं रेवाकडे फार सहानुभूतीनं बघितलं आणि मागच्या फळीवरून धूळ बसलेला एक लाकडी चाप काढून दिला. सभागृहामागच्या पायऱ्यांवर बसून रेवानं जुना काढून नवा बसवला. तिची बोटं भराभर चालत होती. मी फोन शेजारी ठेवून आवाज मोठा केला, कारण विजूनं सांगितलं होतं की मला ऐकू दे.

“बसला का?” विजूनं विचारलं. “आता काडीला हात लावू नकोस. आहे तेवढीच राहू दे. लांबी मी नीट विचार करून ठरवलीय.”

रेवा चापाची तार अंगठ्यानं दाबून बघत होती. दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची.

“रेवा? ऐकलंस ना?”

“मैम...” तिचा घसा कोरडा पडला होता. “नाही, मैम.”

“काय नाही?”

“काडी लांब पडेल. ही स्प्रिंग नरम आहे. पहलेवाली अंगठ्याला लागायची, ही लागत नाही. एवढी लांब ठेवली तो गाडी हिलेगी ही नहीं. कापावी लागेल.”

“कापलीस तर परत जोडता येणार नाही.”

“माहीत आहे, मैम.”

मला वाटलं, या पोरीला सांगावं की बाई, ती तिकडे कुठल्या अवस्थेत पडलीय, ऐक तिचं. पण रेवाचा चेहरा बघून माझी जीभ हलली नाही. ती घाबरलेली होती आणि तरी मागे हटत नव्हती. मग फोनमधून विजू म्हणाली, “पक्कड आहे का जवळ?”

“आहे.”

“मग माझ्याशी काय बोलत बसलीस?” आणि तिनं फोन बंद केला.

रेवानं काडी अंगठ्यानं मोजली, पक्कड लावली आणि कापली. दुपारच्या फेरीत तिनं गाडी रेषेवर ठेवली, काडी मागे ओढून धरली आणि सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग काडी उठली, तशीच सावकाश, आणि गाडी हलली. मी इतक्या वर्षांत कितीतरी गाड्या बघितल्या, पण तो काटा अंगावर दर वेळी नव्यानं येतो. माझ्या शेजारचे आईबाप, इतर शाळांच्या मुली, ते तपासणीस मास्तर, सगळे माना लांब करून बघत होते. कापलेली काडी पुढे झुकत होती आणि मूठभर लाकूड, तार आणि दोरा सभागृहाच्या फरशीवरून चालत चालला होता, चालतच चालला होता... नंबर तिसरा आला. रेवा बक्षिसाकडे न बघता गाडीच्या चाकांकडे बघत बसली होती. तिला म्हणे काडी आणखी थोडी कापायला हवी होती असं वाटत होतं.

संध्याकाळी मी विजूला म्हटलं, “खरं सांग, मुद्दाम चुकीचं सांगितलंस ना? परीक्षा बघत होतीस तिची?”

“छे गं! मला खरंच तसं वाटत होतं. स्प्रिंग माझ्या हातात कुठे होती? तिच्या अंगठ्याखाली होती. मी चुकले, नले. चक्क चुकले!” काय आनंद होता त्या आवाजात! कितीतरी महिन्यांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. वर्गात एखाद्या मुलीनं माझी चूक काढली की मी हसून साजरं करते खरी, पण आतून जळते. तीस-पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेलं माणूस आपण चुकलो म्हणून असं हरखून जाऊ शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. “ती नक्की काय म्हणाली ते परत सांग,” ती म्हणाली. मी सांगितलं, “नाही, मैम.” “तशी नाही, तिच्यासारखी सांग.” मी घसा कोरडा करून तिची नक्कल केली. मग आणखी एकदा केली. ती ऐकतच राहिली.

त्यानंतर रेवाचे तिला येणारे फोन कमी होत गेले. दुसरी कुणी असती तर मनाला लावून घेतलं असतं. विजू मला विजयी स्वरात सांगायची, “कालही नाही आला फोन, आजही नाही!” शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं, तरी मंदा फोन तिच्या कानाशी धरायची आणि मी विचारायची, रेवाचा फोन? तर मान हलवून नाही म्हणायची आणि हसायची, असं मंदा सांगते.

गेल्या आठवड्यात शाळेत तिच्यासाठी सभा झाली. भाषणं झाली, मीही बोलले, पण धड बोलले नाही. मग मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की रेवाची ती गाडी काचेच्या कपाटात घालून, खाली विजया मैमचं नाव लिहून प्रयोगशाळेत कायमची ठेवायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मला ते फार आवडलं होतं. जाता येता दिसली असती. मागच्या रांगेतून रेवा उठली.

“नाही, मैम,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “गाडी नाही आहे. मी खोल दी. चाकं आठवीच्या मुलींना दिली, त्यांची गाडी बन रही है. आस पण त्यांनीच नेला.”

माझे डोळे भरून आले होते आणि मला हसूही येत होतं. हे आत्ताच्या आत्ता विजूला सांगायलाच हवं, म्हणून मी घाईघाईनं सभागृहाबाहेर आले, पर्समधून फोन काढला आणि तिचा नंबर लावला. घंटी वाजली. उचलला गेला.

“बोल, नलूताई,” मंदा म्हणाली.

विजूचा फोन आता तिच्याजवळ असतो, हे मी विसरूनच गेले होते. मग मी म्हटलं, “अगं, ती परत नाही म्हणाली.”

“कोण?” मंदानं विचारलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.